देवीचा कोंबडा आणि माझा थेंब

नोकरीत काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, कोंबड्यांचं रक्त काढत होतो. ऐकणारा आधी हसतो, मग जरा मागे सरकतो. जनावरांच्या दवाखान्यात होतो एवढंच सांगितलं तर माणसांच्या डोळ्यांपुढे बैल, म्हैस येते आणि लोक मान देतात. कोंबडी म्हटली की मान गेला. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत हयात घालवली. अडलेल्या म्हशी सोडवल्या, बैलांना टोचलं, शेळ्यांना जंताची औषधं पाजली. तरी आज छाती पुढे काढून सांगावं असं जे आहे ते कोंबड्यांचंच आहे. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

ऐंशीच्या दशकात परसातल्या कोंबड्यांची एक योजना आमच्याकडे आली. गावातल्या बायकांना तांबड्या, अंगानं दणकट जातीचे कोंबडे द्यायचे. त्यांच्यापासून गावठी कोंबड्यांना जी सुधारलेली पिल्लं होतील ती वाढवायची, आणि त्यांची अंडी उबवणीसाठी धुळ्याला पाठवायची. खायच्या अंड्यापेक्षा उबवणीच्या अंड्याला भाव चांगला, आणि पैसा बाईच्या हातात. गावातल्या बायकांना हे समजवायला मला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो अटी समजवायला.

अट अशी, की नोंदणी केल्याशिवाय आणि रक्त तपासल्याशिवाय एकही अंडं घ्यायचं नाही. त्याचं कारण पांढरी हगवण. हा मोठा चोरटा रोग. कोंबडीला काही होत नाही. ती खाते, पिते, अंडी घालते, पिसं चकचकीत असतात. रोग तिच्या पोटात मुकाट बसलेला असतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. पिल्लू बाहेर येतं, पांढरं हगतं, पंख पाडून कोपऱ्यात उभं राहतं आणि मरतं. घरच्या खुडूक कोंबडीखाली हे झालं तर एका टोपलीचं नुकसान. उबवणीच्या यंत्रात असं एक अंडं गेलं तर आजूबाजूची सगळी पिल्लं जातात, आणि जी जगतात ती रोग घेऊन दुसऱ्या गावी जातात.

तपासणी मात्र साधी. पांढरी गुळगुळीत फरशी घ्यायची, तिच्यावर जांभळ्या औषधाचा थेंब टाकायचा. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेला सुई लावून रक्ताचा एक थेंब त्यात मिसळायचा आणि फरशी हळूहळू हलवायची. थेंब तसाच राहिला तर कोंबडी निरोगी. दूध नासल्यासारखा फुटला, त्यात दाणे दिसले, तर रोग आहे. ती कोंबडी त्याच दिवशी कळपातून काढायची. शिजवून खाल्ली तर माणसाला काही होत नाही, त्यामुळे ती बहुतेक रश्शातच जायची. पण कालपर्यंत अंडी देणारी, डोळ्यांना ठणठणीत दिसणारी कोंबडी कापायला लावणं म्हणजे बायकांच्या शिव्या खाणं. त्या मी भरपूर खाल्ल्या. गावागावांत माझं नाव ‘थेंबवाले भाऊ’ पडलं.

नोंदणीची तऱ्हा आणखी वेगळी. प्रत्येक कोंबडीच्या पायात नंबराचं कडं घालायचं. पण आमच्याकडच्या बायका घरच्या कोंबड्यांचा आकडा तोंडानं सांगत नाहीत. सांगितला की दृष्ट लागते. “कितल्या शेत अक्का?” असं विचारलं की उत्तर यायचं, “शेत दोन-चार,” म्हणजे आहेत दोन-चार. आणि सांजेला खुराडं उघडलं की निघायच्या वीस. एका माळकरी घरात तर म्हातारे आबा ओट्यावर बसून सांगत होते की आमच्या घरात कोंबडी या शब्दाचाही विटाळ आहे, आणि त्यांच्या सुनेनं मागच्या दारानं मला खूण करून गोठ्यात नेलं. तिच्या कोंबड्या शेजारणीच्या नावानं नोंदवल्या. आबांना ते ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

सगळ्यात जाचक नियम एकच होता. कोंबड्या काही घर बघून हिंडत नाहीत, सगळ्या गल्लीत एकत्र चरतात, आणि एकीचा रोग दुसरीला लागतो. म्हणून नोंदणी एका घराची नाही, सबंध गल्लीची व्हायची. गल्लीतली एकही कोंबडी तपासणीतून सुटता कामा नये. एक सुटली की सगळ्या गल्लीची अंडी बंद. या नियमापायी जी लढाई झाली ती सांगायलाच आज बसलो आहे.

मी तेव्हा अमळनेरला होतो. बोरी नदीच्या काठचं एक गाव माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या बायका आता आज्या झाल्या आहेत आणि त्यांचे नातू वाचतात. तिथली एक गल्ली माझी लाडकी. कामसू बायका, स्वच्छ खुराडी. त्यांच्यात दोघी पुढच्या. एक केसरबाई, शांत, पण एकदा नाही म्हटलं की नाही. दुसरी मथुराबाई, तोंडानं फटकळ, गल्लीची न निवडलेली सरपंचच.

पहिली फेरी झाली, दोन-तीन कोंबड्यांचे थेंब फुटले. काढल्या. महिन्यानं दुसरी फेरी, पुन्हा नव्या दोन-तीन निघाल्या. असं होऊ नये. रोगट काढल्यावर पुढच्या फेरीला गल्ली स्वच्छ निघायला हवी. मी चक्रावलो. पाण्याची भांडी बघितली, बाहेरून कुणी कोंबडी आणली का ते विचारलं. सगळ्या म्हणाल्या, नाही. तिसऱ्या फेरीला मी केसरबाईच्या अंगणात फरशी मांडून बसलो होतो, भोवती बायका, आणि तिच्या ओट्यावरच्या पालथ्या टोपलीखालून कोंबडा आरवला.

केसरबाई टोपलीवर हात ठेवून उभी राहिली. मी टोपली उचलली. आत तांबडा, तरणाबांड कोंबडा. कपाळावर हळद-कुंकू, पायात काळा दोरा. कडं नाही.

“भाऊ, बठ्ठास्नं रगत काढा, याले हात लावू नका,” ती म्हणाली. “हाऊ देवीना शे.”

म्हणजे गावदेवी मरीमायला नवसात सोडलेला. तिनं त्याला दोन्ही फेऱ्यांना झाकून ठेवलं होतं आणि एरवी तो गल्लीभर मोकळा हिंडत होता. नवसाच्या कोंबड्याला कुणी हाकलत नाही, कोंडत नाही, दाणे टाकतात. सगळ्या गल्लीच्या कोंबड्या त्याच्याच राज्यात.

मी म्हटलं, “अक्का, एकच थेंब काढस मी. त्याले समजावबी नही.”

“एक थेंब काय नि बठ्ठं रगत काय. देवीना आधी मानूसनी काढं ते उष्टं व्हई गयं. उष्टा निवद तुम्ही तरी देवले दाखाडतस का?”

माझ्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. पण मला राग आला होता. मी रागावलो की अहिराणी सोडून शुद्ध बोलायला लागतो, आणि तसं बोललो की गावात कुणावर काही परिणाम होत नाही. नियम, शासन, रोगनिर्मूलन असं बरंच सुनावलं. केसरबाई ऐकत राहिली. मथुराबाईला मात्र नेमकं समजलं की अंडी बंद राहणार आहेत.

“हिना एक कोंबडापायी आम्ही बठ्ठ्या जणी घर बसूत का?” ती कडाडली. “दी टाक आजच देवीले. नवस फेडी टाक, मोकळी हो.”

“नवस फळना नही, ते फेडू कशी?” केसरबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मनी आंडेरनं पोट दोन येळ रिकामं व्हयनं, भाऊ. आते तिसरी येळ शे. पाचवा चालू शे. ती घर बाळ लई उनी, की मंग हाऊ देवीना पायशी जाई. तुम्ही कोंबडा दखतस, मी आंडेर दखस.”

तिची मुलगी आशा वरणगावला दिलेली. जावई तिकडच्या कारखान्यात कामाला. हे सगळं मला तेव्हाच कळलं. मथुराबाईनंही मग कोंबडा देवीला द्यायचा हट्ट सोडला, कारण आशाची मागची दोन्ही दुखणी तिनंच या गल्लीत काढली होती. पण तेवढ्यानं अंडी सुरू होणार नव्हती. जिल्ह्याचे साहेब पुढच्या आठवड्यात पडताळणीला येणार होते. त्या अंड्यांवर कुणाचं दळण चालणार होतं, कुणाच्या पोराची शाळा चालणार होती, हे मला ठाऊक होतं. आणि तो कोंबडा जर रोगट असेल, अशी माझी खात्रीच व्हायला लागली होती, तर तो गल्लीत असेपर्यंत कितीही कोंबड्या कापल्या तरी उपयोग नव्हता.

मी म्हटलं, “रगत नको काढू म्हणतस, नही काढत. पण त्यानी ह्या गल्लीमा ऱ्हावानं नही. कोठे तरी धाड.”

“कोठे धाडू? मना भाऊ चोपडाले शे. त्याले कोंबडा दिसना का तो चुल्हा पेटाडस.”

बायका हसल्या. दुसऱ्या नातेवाइकांची नावं निघाली आणि प्रत्येकाच्या नावाला काही तरी खोट निघाली. कुणाकडे कुत्रं, कुणाकडे दारू पिणारा नवरा. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, “बरं, मनाघर ऱ्हाई तो.”

हे बोललो आणि पुढचा विचार नंतर केला. केसरबाईनं मला तिथून उठवून थेट मरीमायच्या ओट्यापुढे नेलं. नारळावर हात ठेवून कबूल करून घेतलं की याच्या अंगाला सुई लागणार नाही, रक्ताचा थेंब सांडणार नाही आणि बोलावलं की जिवंत हजर करीन. सरकारी नोकरीत रुजू होतानाही मी इतका घाबरलो नव्हतो.

सरकारी खोल्यांमधल्या माझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. बायको माळकऱ्यांची लेक. कोंबडा पिशवीतून बाहेर काढल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अहो, आपल्या घरात अंडं येत नाही आणि तुम्ही अख्खा कोंबडा आणलात?”

“खायचा नाही गं, पाळायचाय.”

“कुणाचा?”

“देवीचा.”

देवीचा म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. आशाची हकिगत सांगितली तेव्हा ती आत गेली आणि ज्वारीची मूठ घेऊन आली. चार दिवसांत तो तिच्या मागे मागे फिरायला लागला. मी जवळ गेलो की मात्र चोच मारायचा. शेजारचे कारकून पहाटे आरवतो म्हणून तक्रार करायला आले, त्यांना हिनंच परत पाठवलं.

साहेब पडताळणीला आले. सगळी गल्ली फिरले, कडी बघितली. त्यांच्या कानावर गोष्ट गेलेलीच होती. “तो कोंबडा कुठं आहे?” त्यांनी विचारलं. “माझ्या घरी, साहेब.” ते हसून म्हणाले, “गल्लीत नाही ना? मग माझं काम झालं.” भला माणूस होता. महिन्यानं चौथी फेरी केली. एकही थेंब फुटला नाही. गल्ली स्वच्छ. अंड्यांची पहिली टोपली भुशात बसवून, मांडीवर घेऊन मी स्वतः धुळ्याच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, “बाळंतिणीला घेऊन चालले का काय भाऊ, इतकं जपून?” मी म्हटलं, “तसंच समजा.” त्या दिवसाइतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नाही.

आशाला आठवा लागला आणि इकडे कोंबड्यानं दाणे टाकले. मान आत घेऊन भिंतीशी बसायला लागला. मी जन्मभर कोंबड्यांना औषध दिलेला माणूस, पिशवीत सुया, आणि हात बांधलेले. टोचता येईना, रक्त बघता येईना. पाण्यात पावडर विरघळवून चमच्यानं पाजायची, एवढंच हातात. तो मेला असता तर केसरबाईनं मला दोष दिला नसता, पण त्या बातमीनं आशाचा धीर सुटला असता. नवसाचा कोंबडा गेला, मग पोटातलंही जाणार, असं तिच्या मनानं घेतलं असतं. मला खरोखर भीती वाटत होती. माझ्या बायकोनं त्याला लसूण घातलेली भाकरी कुस्करून मांडीवर घेऊन भरवली. लसूण न खाणारी बाई, हाताला वास येतो म्हणून साबणानं घासत बसायची. हळूहळू तो उठला. कशानं बरा झाला, माझ्या पावडरीनं की तिच्या लसणानं, यावर आमचं आजही एकमत नाही.

बाळंतपण अमळनेरच्या दवाखान्यात झालं. केसरबाई आमच्याच घरी उतरली होती. आशाला सकाळी नेलं, दुपार कलली तरी निरोप नाही. केसरबाई दवाखान्यातून उठून आमच्या अंगणात आली आणि कोंबड्यासमोर बसून राहिली. ना हात जोडले, ना रडली. माझी बायको तिच्याशेजारी बसली. मी उगाच आतबाहेर करत होतो. चार वाजेच्या सुमारास जावई सायकलवर आला. तो बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. केसरबाई पहिल्यांदा रडली ती तेव्हा. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, त्यात लपवायचं काय.

बाळाला घेऊन आशा गावी गेल्यावर एका मंगळवारी मी कोंबडा घेऊन हजर झालो. निघताना बायको दारापर्यंतही आली नाही. मरीमायच्या ओट्याशी सगळी गल्ली जमली होती. विधी झाला, कोंबडा कापला. देवीचं देवीला पोचलं. मग केसरबाई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “भाऊ, देवीनं व्हई गयं. आते तुम्हना थेंब ल्या.”

मी मागितला नव्हता. तिनं आपणहून सांगितलं. त्या दिवशी माझी फेरीही होती, त्यामुळे फरशी पिशवीत होतीच. ओट्याच्या पायरीवर मांडली, जांभळा थेंब टाकला, त्यात रक्त मिसळलं. बायका वाकून बघत होत्या. इतक्या फेऱ्या बघून त्यांनाही वाचता यायला लागलं होतं. फरशी थोडी हलवली असेल नसेल, थेंब फुटला. ठळक दाणे.

इतके महिने मी नियमाला धरून बसलो ते बरोबर होतं, हे त्या फरशीवर दिसत होतं. पण देवीला रोगट कोंबडा दिला असं आता केसरबाईला वाटलं तर? मी फरशी पुसायला गेलो. तिनं माझा हात धरला.

“फुटना ना?”

“हो अक्का.”

“म्हंजे बिमार व्हता.”

“हो.”

ती आशाच्या मांडीवरच्या बाळाकडे बघून म्हणाली, “मनी आंडेरनं दुखनं त्यानी लिधं. दखा, रगतमा दखाई ऱ्हायनं.”

मी फरशी पुसायला घेतली. तेवढ्यात मथुराबाई बोलली. कोंबड्यावरून जिनं सगळ्यात जास्त कालवा केला होता ती. “आनि हाऊ जर इतला महिना गल्लीमा ऱ्हाता ते?” ती म्हणाली. “आम्हनी एक कोंबडी वाचती नही.” मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला आयुष्यात कुणी हार घातला नाही, सत्कार केला नाही. त्या पायरीवर त्या बायकांनी ज्या नजरेनं बघितलं, ते मला पुरलं.

पुढे काही वर्षांनी ती योजना बंद पडली. जाळीच्या शेडमधल्या पांढऱ्या कोंबड्या आल्या, त्यांचे व्यापारी आले, आणि परसातल्या कोंबडीला कडं घालायला कुणी येईनासं झालं. मला याचं फार वाईट वाटतं. पण ती गल्ली चालू होती तोवर एक गोष्ट झाली.

आशाची मुलगी रांगायला लागली होती त्या सुमाराची ती. फेरीला गेलो तर मथुराबाई काखेत कोंबडा घेऊन माझीच वाट बघत उभी. तिच्या सुनेला दिवस गेले होते.

“याले देवीले सोडनं शे,” ती म्हणाली. “पहिले थेंब ल्या.”

मी गमतीनं म्हटलं, “आनि मंग उष्टं नही व्हत का?”

उत्तर ओट्यावर बसलेल्या केसरबाईनं दिलं. “नवस बोलाना आधी तो नुसता कोंबडा शे, भाऊ. तवळ काढं ते उष्टं नही व्हत. नवस बोलनं का मंग हात लावानं नही.”

सरकारच्या नियमांत असं कलम कुठंही नव्हतं. ते त्या दोघींनी ठरवलं होतं, आणि सगळ्या गल्लीनं ते पाळलं. मी फरशी मांडली, थेंब घेतला, हलवत राहिलो. मथुराबाई डोळे घट्ट मिटून उभी होती. “उघाड डोया,” मी म्हटलं, “निरोगी शे.” तिनं कोंबडा पुन्हा काखेत मारला, पदर डोक्यावर घेतला आणि नवस बोलायला मरीमायच्या वाटेला लागली.